आज वरणफळं कोण करणार?

बालदोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. उत्तर मात्र खरं खरं द्यायचं हं! तुमच्या घरात हिंगाची डबी कुठे असते?

कुठल्या फळीवर? कुठल्या डब्याच्या मागे? उठून बघायला जाऊ नका, बसल्या जागीच सांगा. नाही ना आठवत? लाजू नका. तेरा वर्षांचा होईपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हतं. मला ते कसं कळलं, त्याचीच ही गोष्ट. गोष्टीबरोबर थोडं विज्ञान आहे आणि घरी करून बघता येईल असा एक गरमागरम पदार्थही आहे.

त्या संध्याकाळी काय झालं?

मी तेव्हा आठवीत होतो. श्रावणातले दिवस होते. दोन दिवस पाऊस असा काही कोसळत होता, की दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नव्हते. बाबा रात्रपाळीला गेले होते आणि आई तापानं फणफणली होती. "काहीतरी गरम खाऊन मगच गोळी घ्या," असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

संध्याकाळी सातच्या सुमारास आई भिंतीला धरून उठली आणि ओट्याकडे निघाली.

"आई, कुठे चाललीस?" मी विचारलं.

"तुम्हांला भूक लागली असेल ना रे. वरणफळं टाकते पटकन."

माझी बहीण तेव्हा तिसरीत होती. ती आईच्या पुढ्यात आडवी उभी राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, आज तू कर ना."

मी? मला तर चहासुद्धा नीट येत नव्हता! पण आईचा चेहरा बघितला आणि 'नाही' म्हणवेना. आई कॉटवर पडल्या पडल्या सांगू लागली. डाळ धू. कुकर लाव. कणीक भिजव. मी एकेक करत गेलो. मग ती म्हणाली, "आता हिंग घाल."

"हिंग कुठे आहे?"

"असतं तिथंच आहे."

मी एक डबा उघडला, त्यात साबुदाणा. दुसरा उघडला, त्यात पोहे. ज्या स्वयंपाकघरात मी रोज दोन वेळा जेवत होतो, तिथं मी चक्क पाहुण्यासारखा उभा होतो! शेवटी डबी बहिणीनंच काढून दिली. तिसरीतल्या मुलीला ती कशी ठाऊक? सोपं आहे. आई तिला हाताशी घ्यायची. मला कधी कुणी हाक मारली नव्हती आणि मीही कधी आपणहून गेलो नव्हतो.

पुढची फजिती ऐका. वरणाला उकळी येण्याआधीच मी पोळीचे सगळे तुकडे एकदम पातेल्यात लोटले, झाकण ठेवलं आणि पाऊस बघायला खिडकीत गेलो. परत येऊन बघतो तर काय! वर पातळ वरण आणि तळाशी एक भलामोठा गोळा. तोही खालून करपलेला. मला रडूच यायला लागलं.

आईला मी वरचं वरण आणि सुटून आलेली चार फळं वाटीत नेऊन दिली. एक घास घेऊन ती म्हणाली, "कणकेत मीठ विसरलास. आणि फळं एकदम टाकलीस ना?" एका घासात तिला सगळं कळलं! पण तिनं दोन वाट्या वरण प्यायलं, गोळी घेतली आणि ती शांत झोपली. तो गोळा आम्ही दोघांनी सुरीनं कापून खाल्ला. उरलेला सकाळी बाबांनी तुपावर परतून खाल्ला, आणि वर "रोज का करत नाहीस?" असं विचारलं!

वरणफळं म्हणजे काय?

वरणफळं म्हणजे आमटीसारख्या वरणात शिजवलेले कणकेच्या पोळीचे तुकडे. कुणी त्यांना चकोल्या म्हणतं, तर आपल्या शेजारच्या गुजरातेत जवळजवळ असाच पदार्थ डाळढोकळी म्हणून करतात. काही घरी पोळीचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापतात. काही घरी वाटीनं गोल चकत्या पाडून, चिमटे काढून त्यांना फळांसारखे आकार देतात. म्हणूनच बहुधा ती 'फळं' झाली असावीत.

गंमत बघा, यात पोळी वेगळी नाही, भाजी वेगळी नाही, आमटी वेगळी नाही. एका पातेल्यात सगळं जेवण! थंडीपावसात असं जेवण पोटात गेलं की कशी छान ऊब येते.

असं एका भांड्यात रटरटणारं जेवण जगभर आहे बरं का! हंगेरीतला गुलाश घ्या. 'गुयाश' या हंगेरियन शब्दाचा मूळ अर्थ गुराखी. माळरानावर गुरं राखताना कढईत मांस आणि कांदा शिजवून खाणाऱ्या गुराख्यांचं ते जेवण. आयर्लंडमध्ये मटण, बटाटे आणि कांदे मंद आंचेवर शिजवून 'आयरिश स्ट्यू' करतात. हा इंग्रजी 'स्ट्यू' केरळात गेला, नारळाच्या दुधात शिजला आणि त्याचा झाला 'इष्टू'! तिथं तो अप्पमबरोबर खातात. आणि आपली मुगाची खिचडी? चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी भारतात आला होता. इथले लोक तांदूळ आणि मूग एकत्र शिजवून लोणी घालून खातात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे.

आपल्या महाराष्ट्रातही अशी किती तरी पातेली आहेत. जुन्नर भागात थंडीत कुळथाच्या पिठाची शेंगोळी करतात. पिठाच्या वळ्या लसणाच्या झणझणीत रश्शात शिजतात. कोकणात त्याच कुळथाची पिठी होते आणि ती गरम भाताबरोबर ओरपतात. गावोगाव पिठलं-भाकरी तर आहेच. तुमच्या आजीला विचारा, तिच्या माहेरी पावसाळ्यात काय शिजायचं? एखादं वेगळंच नाव ऐकायला मिळेल.

गोळा का झाला?

आता माझ्या फजितीकडे वळू. तिच्यामागचं कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

कणकेत स्टार्च, म्हणजे पिष्टमय पदार्थ असतो. वरण खळखळ उकळत असलं, की फळ आत पडताक्षणी त्याचा वरचा थर शिजतो. मग एक फळ दुसऱ्याला सहजासहजी चिकटत नाही. वरण कोमट असलं तर मात्र वरचं पीठ विरघळून त्याची खळ होते. खळीनं कागद चिकटवतात ना? तसेच माझे तुकडे एकमेकांना चिकटले!

आणि उकळत्या वरणातसुद्धा फळं विरघळून का जात नाहीत? कणीक मळली, की गव्हातल्या प्रथिनांची एक चिवट जाळी तयार होते. तिला ग्लूटेन म्हणतात. ती जाळी फळाला धरून ठेवते. थोडाफार स्टार्च बाहेर येतो आणि त्यामुळेच वरण दाट होतं. म्हणून वरणफळांसाठी वरण नेहमीपेक्षा बरंच पातळ ठेवायचं.

दुसरी गोष्ट, चिंच किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालायचं. आंबटपणामुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. काही बोअरवेलच्या पाण्यात डाळ शिजत नाही, अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. अशा 'जड' पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. ते डाळीच्या पेशी घट्ट जोडून ठेवतात.

कुकरात मात्र डाळ पटकन शिजते. का बरं? समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यानंतर कितीही मोठी आंच लावा, उघड्या पातेल्यातलं पाणी त्याहून तापत नाही. कुकरात वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं. उलट उंचावर हवेचा दाब कमी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. तिथं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ जास्त वेळ घेते. वाफ कोंडून शिजवण्याचं असं भांडं डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६७९ साली बनवलं होतं. तुमचा कुकर म्हणजे त्याचाच पणतू!

पातेल्यातला भूगोल

फोडणीकडे नीट बघा, त्यात अख्खा नकाशा आहे. तूर मूळची आपल्या भारताचीच. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरतात आणि थंडीत काढतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांना हे मी काय सांगणार? मिरची, टोमॅटो आणि शेंगदाणा मात्र दूरच्या अमेरिका खंडांतून आले. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, आणि पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे आली. त्याआधी तिखटपणासाठी मिरी वापरत. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात महाराष्ट्रात मिरचीचा ठेचा नव्हता!

आणि आपली ती हिंगाची डबी? हिंग म्हणजे गाजर-कोथिंबिरीच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळातून येणारा चीक. तो मुख्यतः इराण आणि अफगाणिस्तानातून येतो. भारतात त्याची लागवड करायचा प्रयत्न २०२० साली सुरू झाला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात हिंगाची रोपं लावण्यात आली. हिंगाचा उग्र वास गरम तेलात पडला की सौम्य होतो. मसाल्यांची वासाची द्रव्यं पाण्यापेक्षा तेलात चांगली उतरतात, म्हणून तर आपण फोडणी करतो.

गहू आणि डाळ यांची जोडीही विचार करून जमवल्यासारखी आहे. गव्हाच्या प्रथिनांत लायसीन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते गव्हात मिळतं. एकाचं उणं दुसरा भरून काढतो. वरण-भात आणि खिचडीतही हेच घडतं. आपल्या पणज्यांनी लायसीनचं नाव ऐकलं नव्हतं, पण जोडी मात्र बरोबर जमवली होती.

चला, करू या! (चार जणांसाठी)

साहित्य: १ वाटी तूरडाळ, दीड वाटी कणीक, ५-६ लसूण पाकळ्या, १ टोमॅटो किंवा ३-४ आमसुलं, सुपारीएवढा गूळ, दीड चमचा गोडा मसाला, तिखट, हळद, हिंग, मोहरी, जिरं, ओवा, कढीपत्ता, कोथिंबीर, तेल, मीठ आणि वरून तूप.

१. डाळ दोन-तीनदा धुऊन अर्धा तास भिजत घाला. मग तीन वाट्या पाणी, पाव चमचा हळद आणि चार थेंब तेल घालून कुकरात लावा. तेलामुळे फेस कमी येतो. साधारण चार शिट्या पुरतात.

२. कणकेत पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट, चिमूटभर ओवा, एक चमचा तेल आणि मीठ घाला. (मीठ! माझ्यासारखं करू नका.) पुरीसाठी भिजवतो तशी घट्ट भिजवून वीस मिनिटं झाकून ठेवा.

३. कुकर आपोआप गार होऊ द्या. मग डाळ चांगली घोटा.

४. मोठ्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवा. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता घाला. लसूण तांबूस झाला की टोमॅटो परता. मग हळद, तिखट आणि गोडा मसाला घाला.

५. घोटलेली डाळ आणि पाच वाट्या गरम पाणी घाला. गूळ आणि मीठही आत्ताच. टोमॅटो नसेल तर आमसुलं घाला. आंच मोठी करून खळखळून उकळी येऊ द्या.

६. कणकेची पोळी लाटा. फार पातळ नको, फार जाड नको. सुरीनं शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापा.

७. आता मुख्य काम! उकळत्या वरणात तुकडे एकेक करून सोडा. मधून मधून हलक्या हातानं ढवळा. सगळे सोडून झाले की आंच मध्यम करून दहा-बारा मिनिटं शिजू द्या. या वेळात खिडकीत जायचं नाही!

८. एक फळ काढून मधोमध कापा. आत कच्च्या पिठाची पांढरी रेघ दिसली तर आणखी दोन-तीन मिनिटं थांबा. नसेल तर गॅस बंद करून वरून कोथिंबीर घाला.

लगेच पानं घ्या, कारण थांबलं की वरणफळं आळतात. वाटीत वाढून वर तुपाची धार सोडायची. सोबत कच्चा कांदा, लिंबू आणि भाजलेला पापड. मग बघा, कुणी बोलायला तरी मान वर करतं का!

हे विसरू नका

• पहिल्या काही वेळा घरातलं मोठं माणूस जवळ असल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही.
• भांड्याचा दांडा ओट्याच्या बाहेर येऊ देऊ नका. फोडणीत ओला चमचा घालू नका, तेल अंगावर उडतं.
• वाफ पूर्ण जाईपर्यंत कुकरचं झाकण ओढायचं नाही. घाई झाली तरी नाही!
• गॅसचा वास आला तर दिव्याचं किंवा पंख्याचं बटण दाबू नका. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि मोठ्यांना बोलवा.
• भाजलंच तर तो भाग नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नका. जास्त भाजलं असेल तर डॉक्टरांकडे जा.

आई-बाबांसाठी दोन शब्द

पहिल्या दिवशी ओट्यावर पीठ सांडेल. पोळीचा आकार नकाशासारखा येईल. 'राहू दे, मीच करते' हे शब्द अगदी ओठांवर येतील. तेवढे गिळून टाका! हातातला झारा काढून घेतला, की मूल पुन्हा पाहुणं होतं. आणि घरात मुलगा असेल तर त्यालाही हाक मारा. मला ती हाक लवकर मिळाली असती, तर त्या संध्याकाळी आईला भिंतीला धरून उठावं लागलं नसतं.

त्या आजारातून आई चार दिवसांनी बरी झाली. पहिल्याच रविवारी तिनं मला ओट्याजवळ बोलावलं आणि म्हणाली, "आता मी समोर उभी आहे. पुन्हा कर." या वेळी मी उकळी येईपर्यंत थांबलो. फळं सुटी झाली. कणकेत मीठही होतं. आईनं चव घेतली आणि म्हणाली, "गूळ थोडा कमी चालला असता." आमच्या घरची शाबासकी अशीच असायची!

तेव्हापासून घरात कुणी आजारी पडलं, कुणी दमून आलं किंवा कुणाचा पेपर वाईट गेला, की मी काही न बोलता डाळ भिजत घालतो. दु:खावर माझ्याजवळ दुसरं औषध नाही. पण गरम वाटी हातात आली की माणूस जरा सैलावतो, एवढं मी पाहिलं आहे.

तर दोस्तांनो, येत्या रविवारी एक काम करा. आधी हिंगाची डबी शोधा. मग जो तुमच्या घरी रोज स्वयंपाक करतो, त्याला किंवा तिला खुर्चीवर बसवा आणि सांगा, "आज तुम्ही पाहुणे. वरणफळं आम्ही करणार!"

आणि गोळा झालाच, तर घाबरू नका. तुपावर परतला की तोही छान लागतो. आमच्या बाबांना विचारा!